पहिली नोकरी आणि अनुभवाचा प्रश्न

संगणकशास्त्राची पदवी घेऊन पहिल्या नोकरीच्या शोधात निघालेल्या विद्यार्थ्याला जाहिरातीत सर्वप्रथम जे वाक्य वाचावे लागते, ते म्हणजे 'किमान एक ते दोन वर्षांचा अनुभव आवश्यक'. नोकरीवाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून नोकरी नाही, या फेऱ्यात आपल्या विद्यालयातून शिकून गेलेली अनेक मुलेमुली आज अडकलेली आहेत. त्यांतील बहुतेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी. शिक्षणासाठी कर्ज झालेले असते, धाकटी भावंडे शिकत असतात आणि गावाकडून फोन आला की 'लागलं का काही?' हाच पहिला प्रश्न असतो. संपादक मंडळाने या विषयावर अभ्यासपूर्ण लेख मागितला. गेली काही वर्षे पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे आहे. मुलाखत घेणाऱ्याला जे दिसते, त्याच्या आधारे हे विवेचन केले आहे.

आरंभी एका सुत्ताचे स्मरण करणे उचित ठरेल. अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलीय गृहस्थाचा प्रसंग आहे. आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांत राहणारी. आमच्या इहलोकीच्या हिताचे काही सांगा, अशी विनंती तो भगवान बुद्धांना करतो. त्यावर बुद्ध चार गोष्टी सांगतात: उट्ठानसंपदा, आरक्खसंपदा, कल्याणमित्तता आणि समजीविता. पहिलीचा अर्थ असा की शेती असो, व्यापार असो, राजसेवा असो वा कोणतेही शिल्प असो, ज्यावर उपजीविका करायची त्यात निपुण असावे, आळस नसावा आणि ते काम कोणत्या उपायाने चांगले होईल याचा विचार करण्याची शक्ती असावी. दुसरी म्हणजे मिळवलेल्याचे रक्षण, तिसरी म्हणजे सज्जनांची संगत, चौथी म्हणजे आय पाहून व्यय. उपजीविकेच्या प्रश्नाला धम्माने कमी लेखलेले नाही. पहिल्या संपदेत कौशल्याबरोबर उपायाचा विचारही सांगितला आहे, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची वाटते.

अनुभव म्हणजे नेमके काय

कंपनी अनुभव मागते तेव्हा तिला वस्तुतः तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. या उमेदवाराने कोणासाठी तरी उपयोगी पडणारे काम सुरू करून शेवटास नेले आहे काय? ते बिघडल्यावर दुरुस्त केले आहे काय? आणि केलेले काम दुसऱ्याला समजावून सांगता येते काय? नोकरीत राहिलेल्या माणसाकडून या तिन्ही गोष्टींची अपेक्षा सहज करता येते, म्हणून जाहिरातीत वर्षांचा आकडा येतो. जिथे खरोखर अनुभवी माणूसच हवा तिथे नव्या उमेदवाराने वेळ दवडू नये, हे खरे. परंतु जिथे 'शून्य ते एक वर्ष' वा 'फ्रेशर' असे म्हटले आहे, तिथे या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत तो इतरांच्या पुढे जातो.

दुर्दैवाने आमच्यापुढे येणाऱ्या बहुसंख्य बायोडेटांत तोच 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' किंवा 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम' हा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असतो. चार जणांच्या गटात एकाने केलेला, पुष्कळदा कुठून तरी तयार आणलेला. त्या ग्रंथालयात कोणी पुस्तक घेतलेले नसते आणि त्या रुग्णालयात कोणी रुग्ण आलेला नसतो. दोन प्रश्न विचारले की संभाषण संपते.

याच्या उलट उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे घेऊ. आपल्या वसतिगृहाचे कोठीघर आठवा. तांदूळ, डाळ, तेल, मीठमिरची यांची आवक, रोजची जावक, शिल्लक आणि हजेरीपट. अधीक्षक हा हिशेब साठा नोंदवहीत हाताने ठेवतात आणि महिनाअखेरीस रात्री जागून जुळवतात. हा हिशेब संगणकावर आणण्याचे काम एखाद्या माजी विद्यार्थ्याने अंगावर घेतले, तर त्याला काय काय शिकायला मिळेल?

वरवर पाहता हिशेब सोपा आहे. समजा २०० मुले आणि दर मुलामागे दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ६० किलो. पण शनिवारी जवळच्या गावची मुले घरी जातात, मग कोणती हजेरी धरायची, सकाळची की संध्याकाळची? ५० किलोचे म्हणून आलेले पोते वजनात ४९ किलो भरले, तर आवक किती लिहायची? वैशाख पौर्णिमेला पालक येतात, दीडशे पाने जास्त उठतात. त्यांची नोंद कोणत्या खाती? सोमवारची जावक बुधवारी लिहिली गेली, तर मंगळवारची शिल्लक आपोआप बदलली पाहिजे. म्हणजे शिल्लक ही साठवून ठेवण्याची गोष्ट नसून प्रत्येक वेळी आवक-जावकेवरून काढण्याची गोष्ट आहे, हे ध्यानात येते. चुकलेली नोंद खोडायची की तशीच ठेवून दुरुस्तीची वेगळी नोंद करायची? हिशेबतपासनीस दुसरीच पद्धत मान्य करील, आणि बँकांच्या संगणकांतही तीच रीत असते.

सर्वांत बोधप्रद प्रश्न असा: कोठीत तांदूळ प्रत्यक्ष आहे, पण नोंद राहून गेल्याने संगणक शिल्लक शून्य दाखवतो. अशा वेळी प्रोग्रामने जावक नाकारावी काय? पुस्तकी उत्तर 'होय' असे आहे. पण स्वयंपाक करणाऱ्या मावशींना दोनशे मुलांचे जेवण नऊच्या आत करायचे आहे. संगणक नाही म्हणतो म्हणून चूल थांबत नाही. तेव्हा प्रोग्रामने नोंद स्वीकारावी, शिल्लक उणे दाखवावी आणि त्या ओळीला खूण करून अधीक्षकांपुढे ठेवावी, हे योग्य. हा निर्णय ज्याने स्वतः घेतला आणि का घेतला हे ज्याला सांगता येते, त्याला अनुभव नाही असे कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही.

यासाठी लागणारी साधने फुकट मिळतात. पायथन किंवा जावा यांपैकी एक भाषा, डेटाबेससाठी एसक्यूएल आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारे गिट, एवढ्यावर हे काम उभे राहते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले गिट आज जवळजवळ प्रत्येक कंपनीत वापरले जाते. ते वापरल्याने कोणत्या तारखेला काय बदलले याचा पुरावा आपोआप तयार होतो, आणि महिनोनमहिने थोडेथोडे केलेले काम व एका रात्रीत उतरवलेले काम यांतील फरक लपत नाही. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: हे काम सार्वजनिक ठिकाणी दाखवायला ठेवताना मुलांची खरी नावे, आधार क्रमांक, जात वा पालकांचे फोन नंबर त्यात असता कामा नयेत. तिथे काल्पनिक नावेच घालावीत.

कोठीघर हे केवळ उदाहरण झाले. गावातील बचतगटाचा हिशेब, विहारातील ग्रंथालय, जुन्या श्रीलिपी अक्षरांत अडकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणे, अशी कितीतरी कामे कोणाची तरी वाट पाहत आहेत. शेवटचे काम तर मराठी वाचणाऱ्या मुलालाच नीट जमेल. वेलांटी आणि रफार कुठे चुकतात, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागितला तसा कोड लिहून देतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून मुलाखतीची पद्धतही बदलली. आम्ही उमेदवाराच्याच प्रकल्पातील एक ओळ काढून टाकतो आणि आता काय होईल, असे विचारतो. साधन वापरले म्हणून कोणी नापास होत नाही. आपल्या नावावर असलेला कोड समजलेला नसला की होतो.

मुलाखतीची खोली

आपल्या मुलांची भीती इंग्रजीची असते. ती निराधार नाही, पण तिचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. तांत्रिक मुलाखतीत अलंकारिक इंग्रजी लागत नाही. छोटी, पूर्ण वाक्ये पुरतात. स्वतःचे काम पाच मिनिटांत मोठ्याने सांगण्याचा सराव रोज एकदा, महिनाभर करावा. आधी मराठीत सांगून पाहावे. मराठीत सांगता आले नाही, तर अडचण भाषेची नाही, आकलनाची आहे. उत्तर येत नसेल तेव्हा 'हे मला ठाऊक नाही, पण मी अमुक प्रकारे शोधीन' असे सांगणाऱ्याविषयी मुलाखत घेणाऱ्याचे मत चांगलेच होते. बायोडेटा एका पानाचा असावा. वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची, वजन यांची त्यात गरज नाही.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना बोलावणे येण्याचे प्रमाण कमी आढळले, मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून केलेल्या अभ्यासात दिसले की गुणवत्तेची भाषा बोलणारे हे अधिकारी उमेदवाराच्या 'कौटुंबिक पार्श्वभूमी'ला फार महत्त्व देतात. वडील काय करतात, भावंडे काय करतात, हा प्रश्न आजही विचारला जातो. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि या प्रश्नाआड काय दडलेले असू शकते हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

हे सारे माहीत असावे, पण आलेला प्रत्येक नकार त्या एकाच खात्यावर मांडू नये. कारण मग तयारीतील उणीव दिसेनाशी होते. प्रश्न आला तर उत्तर सरळ द्यावे. आई शेतमजुरी करते, वडील गवंडीकाम करतात, मी निवासी विद्यालयात राहून शिकलो, एवढे मान वर करून सांगावे आणि तिथून आपल्या कामाकडे वळावे. वयाच्या दहाव्या वर्षापासून घरापासून दूर राहून पहाटे उठणे, स्वतःचे कपडे धुणे, पंचवीस जणांच्या खोलीत अभ्यास करणे ज्याने केले, त्याला संघात काम करता येते का, हा प्रश्न विचारण्याचेच कारण उरत नाही. तरीही तो विचारतात. उत्तर तयार ठेवावे.

खोट्या अनुभवाचा बाजार

या लेखाचे सर्वांत निकडीचे प्रयोजन हे आहे. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू या शहरांत बनावट अनुभव विकणारे दलाल आहेत. पैसे घेऊन ते दोन-तीन वर्षांच्या नोकरीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, कधी फोनवर 'होय, आमच्याकडे होते' म्हणणारा माणूसही पुरवतात. काही ठिकाणी मुलाखतीला दुसराच माणूस बोलतो. सहा महिने रिकामा बसलेला, घरून विचारणा होणारा मुलगा याला बळी पडतो आणि आईचे दागिने गहाण ठेवून पैसे भरतो.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी हा मार्ग घातक आहे. नोकरी देताना बहुतेक मोठ्या कंपन्या उमेदवाराची मागील माहिती त्रयस्थ संस्थेकडून पडताळतात. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला २०१४ पासून कायमचा एकच क्रमांक मिळतो, आणि कोणत्या आस्थापनेने किती काळ रक्कम भरली हे त्यावरून कळते. ज्या नोकरीत निधी जमा झाला असायला हवा होता त्याचा तिथे मागमूस नसेल, तर प्रकरण उघडे पडते. कधी ते रुजू झाल्यावर वर्षभराने पडते. तेव्हा नोकरी जाते आणि त्या कंपनीचे दार कायमचे बंद होते. शिवाय तीन वर्षांचा अनुभवी म्हणून घेतलेल्या मुलाकडून पहिल्याच आठवड्यात तीन वर्षांच्या अनुभवाचे काम मागितले जाते, आणि तो रोज भीतीत जगतो. सम्यक आजीविका आणि खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे चौथे शील यांविषयी या विद्यालयात शिकलेल्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पालकांना मात्र विनंती आहे: मुलगा 'कोर्ससाठी' एकदम मोठी रक्कम मागू लागला, तर रागावू नका, पण कशासाठी, कोणाला आणि पावती मिळणार का, हे शांतपणे विचारा.

नोकरी देण्यासाठी नोंदणी शुल्क वा अनामत मागणारी कंपनी ही कंपनी नव्हे. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र दाखवावे, ताब्यात देऊ नये. सर्व्हिस बाँडवर सही करण्याआधी मुदत आणि रक्कम वाचावी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करार मोडल्यास वाजवी भरपाईच मागता येते आणि ती करारात लिहिलेल्या रकमेहून अधिक असू शकत नाही. पण एवढ्यावर विसंबून वाचल्याशिवाय सही करू नये.

वाटा

अनेक मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्क्यांची अट घालतात. ज्यांना ती पूर्ण करता येते त्यांनी टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या सर्वांना खुल्या असलेल्या परीक्षा द्याव्यात. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल यांची केंद्रे असल्याने विदर्भातील मुलांना पुण्यालाच यावे लागते असेही नाही. अट पूर्ण न होणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. लहान कंपन्या गुणांपेक्षा काम पाहतात. टेस्टिंग आणि सपोर्ट यांना दुय्यम समजून नाकारू नये. रात्रपाळीत ग्राहकांच्या तक्रारी सोडवताना मोठी प्रणाली आतून कशी चालते हे जितके कळते, तितके वर्गात कळत नाही. मात्र वर्षभरात पुढच्या कामाकडे सरकण्याचा प्रयत्न सुरू ठेवावा, नाहीतर माणूस तिथेच राहतो.

शिकाऊ उमेदवारी ही आपल्याकडे सर्वांत उपेक्षित राहिलेली वाट. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे आणि पदवीधरांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना आहे. तीत ठरलेल्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भार शासन उचलते. वर्षभराच्या या उमेदवारीचे प्रमाणपत्र म्हणजे खरा, पडताळता येणारा अनुभव. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेचे सहा महिन्यांचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही उद्योगात मान्यता पावलेले आहेत. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून मिळतो. शुल्क कमी नाही, म्हणून पूर्वतयारी असल्याशिवाय जाऊ नये. आणि जिथे आरक्षण आहे त्या वाटाही विसरू नयेत. सार्वजनिक बँकांत माहिती तंत्रज्ञान अधिकारी पदासाठी आयबीपीएस दरवर्षी परीक्षा घेते; आमच्या मुलांना लिपिकाची आणि पीओची परीक्षा माहीत असते, ही नसते.

माजी विद्यार्थ्यांकडे मागणे

१९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका नव्हती. राहायला जागा मिळाली नाही. पारशी नावाने धर्मशाळेत काढलेल्या त्या दिवसांची हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आजही आडनाव ऐकून खोली नाकारली जाते, आणि नाकारली नाही तरी अनामत परवडत नाही. पुण्यात वा मुंबईत मुलाखतीसाठी आलेल्या मुलाला आठ दिवस पथारी टाकायला जागा मिळणे, ही त्याच्या दृष्टीने लहान मदत नव्हे. मुलींच्या बाबतीत तर पालकांची संमती बहुधा याच एका गोष्टीवर अवलंबून असते.

दुसरे मागणे रेफरलचे. कंपन्यांतील अनेक जागा आतल्या माणसाच्या शिफारशीने भरल्या जातात. इतर समाजांतील मुलांना हे काका-मामांकडून आपोआप मिळते. आमच्या मुलांना काका-मामा नाहीत, तुम्ही आहात. शिफारस म्हणजे वशिला नव्हे. तिच्यामुळे बायोडेटा फक्त वाचला जातो, पुढची परीक्षा त्यालाच द्यायची असते. म्हणून काम न पाहता कोणाचेही नाव पुढे करू नये. दोन अपात्र नावे गेली की तिसऱ्या पात्र मुलाचे नाव कोणी पाहत नाही. आधी अर्धा तास घेऊन त्याची सराव मुलाखत घ्यावी आणि उणीव स्पष्ट सांगावी. सुत्तातील कल्याणमित्राचे काम याहून फार वेगळे नसावे.

विद्यालयाच्या कार्यालयात यासाठी एक नोंदवही ठेवावी, अशी सूचना आहे: माजी विद्यार्थ्याचे नाव, शहर, कंपनी, आणि तो यांपैकी काय देऊ शकतो, म्हणजे जागा, सराव मुलाखत की शिफारस. नोंदवहीतील फोन नंबर कार्यालयामार्फतच द्यावेत. मदत मागणाऱ्याने 'सर, जॉब असेल तर सांगा' असा संदेश पाठवू नये. त्याला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. ज्या जागेसाठी शिफारस हवी तिचा जाहिरातीतील क्रमांक, एका पानाचा बायोडेटा आणि स्वतः केलेल्या कामाविषयी चार ओळी एकाच संदेशात पाठवाव्यात. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी, आणि निवड झाली वा न झाली तरी कळवावे.